लुआऊ, श्रावण आणि नट ॲलर्जी: ओआहूवरच्या एका संध्याकाळचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणारं एक मराठी कुटुंब, मुलांची सुट्टी संपायच्या आत हवाईला ओआहू बेटावर गेलेलं, सोबत कोकणातून आलेली आजी. ओळख पटेल असं सगळं गाळलंय किंवा बदललंय, लिहितेय ते त्यांना विचारूनच. ट्रिप आखायला मी मदत करत होते त्यामुळे मेल, फोन, घरातली वादावादी सगळं बऱ्यापैकी माझ्यासमोरच झालं.

माणसं पाच आणि प्रत्येकाचं ताट वेगळं. आजी पूर्ण शाकाहारी, अंडं नाही, आणि चातुर्मास चालू असल्यामुळे कांदा-लसूणही बंद. मुलगा एरवी मटणाशिवाय रविवार मानत नाही पण श्रावण कडक पाळतो (गटारी दणक्यात झालेली, ते वेगळं). सून शाकाहारी, अंडं चालतं. मोठी नात सगळं खाते, तिचा काही प्रश्नच नाही. आणि धाकटा नातू, वय नऊ, त्याला काजू आणि पिस्त्याची जोरदार ॲलर्जी, एकदा लग्नात काजूकतलीच्या तुकड्याने इमर्जन्सीत न्यावं लागलेलं. मॅकाडेमियाची (हवाईत सगळीकडे मिळणारा एक नट) टेस्ट झालेली नव्हती पण डॉक्टरांनी सांगितलेलं की ट्री नट्स, म्हणजे काजू-बदामासारखे झाडावरचे नट्स, सगळेच टाळा. शेंगदाणा आणि नारळ मात्र तो लहानपणापासून खातो, त्याचा त्रास नाही.

लुआऊचा हट्ट आजीचा नव्हता, नातीचा होता, तिला हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, आणि ती पेटत्या सुरीचा नाच बघायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुआऊ म्हणजे संध्याकाळची हवाईयन मेजवानी आणि तिच्या पाठोपाठ पॉलिनेशियन नाचगाण्यांचा शो. टुरिस्ट लोकांसाठीचे जे मोठे लुआऊ असतात त्यात माणशी साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर जातात आणि जेवण जवळपास नेहमी बुफे.

नेमकी अडचण कुठे होती

वेबसाइटवर लिहिलेलं "व्हेजिटेरियन ऑप्शन्स अव्हेलेबल". बहुतेक लोक इथेच निश्चिंत होतात आणि बुक करून टाकतात. पण लुआऊचा मेनू एकेक पदार्थ घेऊन बघितला की कळतं की आजीच्या हिशोबाने शाकाहारी काय उरतं.

मधोमध असतो कालुआ पिग, म्हणजे इमूमध्ये शिजवलेलं डुक्कर. इमू म्हणजे जमिनीतला खड्डा, त्यात कियावेच्या लाकडाचा जाळ करून ज्वालामुखीचे दगड लाल होईपर्यंत तापवायचे, त्यावर ठेचलेले केळीचे खांब आणि टी नावाच्या झुडपाची (चहाची नव्हे) पानं, मग डुक्कर, वरून परत पानं, ओलं गोणपाट आणि माती, आणि मग कित्येक तास त्याला हात लावायचा नाही. पारंपरिक पद्धतीत त्याच खड्ड्यात रताळी आणि ब्रेडफ्रूट, म्हणजे आपला विलायती फणस, हेही भाजायला टाकतात. म्हणजे मेनूवर "रोस्टेड स्वीट पोटॅटो" दिसलं तरी ते इमूतलं की ओव्हनमधलं हा प्रश्न आजीसाठी फार मोठा आहे, आणि हा प्रश्न तिथल्या लोकांना आपणहून कधीच सुचणार नाही.

बाकीचं बघा. लाउलाउमध्ये अळूच्या पानात पोर्क किंवा मासा. चिकन लाँग राइसमध्ये शेवयांसारख्या नूडल्स, पण चिकनच्या रश्शातल्या. लोमी सॅमनमध्ये खारवलेला मासा. फ्राइड राइसमध्ये पोर्तुगीज सॉसेज. मॅकरोनी सॅलडमध्ये मेयो म्हणजे अंडं. गोड पावांमध्ये अंडं असतंच बहुतेक. आणि नातवाच्या बाजूने बघितलं तर मॅकाडेमिया कुठेही भुरभुरलेला सापडतो, माशावर, सॅलडवर, केकवर. पोकेमध्ये, म्हणजे कच्च्या माशाच्या सॅलडमध्ये, कधीकधी इनामोना घालतात, ती कुकुई नावाच्या झाडाच्या भाजलेल्या बियांची चटणी.

थोडक्यात एकाच टेबलावर दोन पूर्ण वेगळे प्रॉब्लेम. आजीचा नियम मोडला तर तिला वाईट वाटेल, नातवाचं चुकलं तर ॲम्ब्युलन्स. पण बोलताना घरातले सगळेच "डाएटरी रिस्ट्रिक्शन्स" म्हणून एकाच पिशवीत भरत होते, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय लुआऊ सोडूनच द्यायचा. हुलाच बघायचा तर वायकिकीला कुहिओ बीचवर मशाली पेटवून फुकट कार्यक्रम होतो, वाळूवर चटई टाकून बसा. नातीने तोंड पाडलं कारण फायर नाइफ, म्हणजे तो पेटत्या सुरीचा नाच, तिथे नाही.

दुसरा, फक्त शोचं तिकीट. काही ठिकाणी मिळतं, जेवण झाल्यावर आत सोडतात, स्वस्तही पडतं. सुनेचं मत पहिल्यापासून हेच. माझंही थोडंफार हेच होतं, पण त्यांच्या तारखांना जे लुआऊ रिकामे होते त्यापैकी एकाच ठिकाणी असं तिकीट होतं आणि बसायची जागा पार मागे, आजीला तिथून काहीच दिसलं नसतं.

तिसरा, ताटात वाढून देणारा लुआऊ, बुफे नाही. ॲलर्जीसाठी हे सगळ्यात बरं, कारण चिमटे आणि डाव इकडचे तिकडे होत नाहीत. पण तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला, रात्री उशिरा परतीचा ड्राइव्ह, वर आजीचे गुडघे.

चौथा, बुफेवालाच घ्यायचा पण किचनकडून या दोघांची ताटं आतून वेगळी मागायची. यात एक उपपर्याय मुलाने काढला की सगळ्यात महागडं तिकीट घेऊ, कारण त्या टेबलांना बुफेला पहिलं सोडतात, तोपर्यंत चिमटे स्वच्छ असतात. वाईट आयडिया नाही, आजीपुरती चालली असती. नातवासाठी मात्र नाही, पदार्थ आत किचनमध्ये कशाला लागलाय ते पहिल्या नंबरने कळत नाही. ॲलर्जीचे डॉक्टर बुफे टाळा म्हणतात ते उगाच नाही.

शेवटी चौथा ठरला, मधल्या दराचं तिकीट. आणि नातवाने बुफेच्या रांगेत जायचंच नाही, ही अट सुनेची.

तारखेवरून एक छोटा निर्णय झाला तो सांगायलाच हवा. आधी सोमवार मिळत होता. श्रावणी सोमवार, आजी आणि मुलगा दोघांचा उपास, आणि सोडायचा संध्याकाळी. म्हणजे दिवसभर उपाशी राहून उपास सोडायचा तो बुफेत काय मिळेल त्यावर! आजी म्हणाली मी फळं खाईन, मला काही होत नाही. सगळ्या आज्या हेच म्हणतात. बुधवार घेतला.

काय काय केलं

पहिला वाद मेलच्या मजकुरावरून. मुलाचं म्हणणं असं की आईसाठी सरळ लिहू या अंडं, कांदा, लसूण सगळ्याची ॲलर्जी आहे, "ॲलर्जी" म्हटल्याशिवाय हे लोक सीरियसली घेत नाहीत. खरं आहे ते, घेत नाहीत. तरी मी विरोध केला. एक तर किचनला एकाच टेबलावरून इतक्या ॲलर्ज्या दिसल्या की ते सरळ "सॉरी, जमणार नाही" म्हणतात किंवा सगळ्यांना उकडलेला भात देतात. आणि दुसरं, आजीने लसणाचा घास चुकून खाल्ला आणि तिला काहीच झालं नाही हे वेटरने बघितलं की नातवाची खरी ॲलर्जीही त्याच्या लेखी त्याच रांगेत जाते. सुनेने माझी बाजू घेतली, तिथे विषय मिटला.

मग दोन वेगळे मेल गेले. नातवाचा पहिला, छोटा, विषयातच "सीव्हिअर ट्री नट ॲलर्जी, ९ वर्षांचा मुलगा", कुठले नट्स, ॲलर्जीवरचं इंजेक्शन जवळ असतं, ताट आतून वेगळं हवं, नारळ चालतो, शेंगदाणा चालतो. आजीचा दुसरा, त्यात "व्हेजिटेरियन" या शब्दावर अवलंबून न राहता काय नको त्याची सरळ यादी: मांस, मासे, अंडं, चिकन किंवा माशाचा स्टॉक, ऑयस्टर सॉस, जिलेटिन, कांदा, लसूण. आणि काय चालतं तेही: साधा भात, दूध-तूप, फळं, ओव्हनमध्ये भाजलेली रताळी. काय चालतं हे लिहिल्याचा फार उपयोग होतो कारण समोरच्याला नुसतं नाही नाही वाचून काही सुचत नाही.

उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते गोड पण गुळगुळीत: टोफू स्टर फ्राय आहे, ग्रीन सॅलड आहे, काळजी नसावी. इथे बरेच जण थांबले असते. सुनेने फोन लावला, दुपारी, किचनला श्वास घ्यायला वेळ असतो तेव्हा, आणि बुकिंगवाल्यांशी न बोलता शेफच्या माणसाला मागितलं. पाच मिनिटांत कळलं की टोफूत ऑयस्टर सॉस पडतो, तो वगळता येईल पण मॅरिनेशनमध्ये लसूण आहेच. म्हणजे टोफू सुनेला आणि मुलाला, आजीला नाही. रताळी ओव्हनमधली, पण वरून मॅकाडेमिया, तो वगळून आधी बाजूला काढून ठेवू म्हणाले. पोई म्हणजे फक्त अळूचा कंद आणि पाणी. हौपिया, ते नारळाच्या दुधाचे पांढरे चौकोन, त्यात नारळाचं दूध, साखर, कॉर्नस्टार्च, बास.

नारळावर मात्र अडलं. किचनच्या यादीत नारळ ट्री नटमध्ये, म्हणून नातवाला हौपिया देणार नाही. सुनेने सांगून बघितलं की अमेरिकेच्या एफडीएनेच, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२५ मध्ये नारळ त्या यादीतून काढलाय आणि हा पोरगा ओल्या नारळाच्या करंज्या खाऊन वाढलाय. त्यांनी मेलवर लिहून मागितलं, तिने दिलं. मला त्या किचनचं इथे कौतुकच वाटलं, अडून बसणारा माणूस ॲलर्जीच्या बाबतीत आपल्या फायद्याचा असतो.

बाहेरचं खाणं आणायची परवानगीही लेखी घेतली. नातवासाठी बंद पाकिटातला खाऊ, आणि आजीसाठी मेतकूट आणि तुपाची छोटी डबी. मेतकूट म्हणजे काय हे इंग्लिशमध्ये समजावायला दोन मेल गेले, शेवटी "रोस्टेड लेंटिल अँड स्पाइस पावडर, नो नट्स" यावर सुटका.

ती संध्याकाळ

गेटवर गेल्या गेल्या गळ्यात माळा. नातवाला आली ती पॉलिश केलेल्या कुकुईच्या बियांची. घालायला काही होत नाही कदाचित, पण नऊ वर्षांचं पोर माळेचे मणी चावणार हे आईला ठाऊक असतं, तिने शंखांची मागून घेतली. एका मिनिटाचं काम.

खरा प्रसंग त्याच्या पुढच्या दहा पावलांवर घडला. आत शिरताच वेलकम ड्रिंक, मोठ्यांना माय ताय आणि मुलांना तेच बिनदारूचं. जेवणाचं सगळं विचारून झालेलं, ड्रिंकचा विषय एकाही मेलमध्ये नव्हता. माय तायमध्ये ओर्जा नावाचं सिरप पडतं आणि ते बदामाचं असतं. (माय ताय मूळचं हवाईचंही नाही, १९४४ मध्ये यांच्याच घराजवळ ओकलंडला ते जन्माला आलं असं सांगतात.) सुनेला हे माहीत नव्हतं, तिने फक्त सवयीने विचारलं की यात काय आहे. बारवरचा मुलगा म्हणाला फ्रूट ज्यूस. तिने बाटली दाखवायला सांगितली, मागे रांग, नवरा कानात "अगं जाऊ दे, ज्यूसच आहे". मिक्सच्या बाटलीच्या मागे लिहिलेलं: आमंड.

ग्लास नातवाच्या हातात होता पण ओठाला लागला नव्हता. ग्लास परत, हात धुतले, त्याला बंद कॅनमधला पेरूचा ज्यूस. ॲलर्जीचं रंगीत मनगटी पट्टं मिळतं ते पुढे, टेबलावर बसल्यावर, म्हणजे पट्टं मिळायच्या आधीच पहिला पदार्थ मुलाच्या हातात. या सगळ्या प्रकरणात हाच एक क्षण असा की तिथे दुसरा निर्णय झाला असता तर मी हे वेगळ्या सुरात लिहीत असते.

मग इमू उघडायचा कार्यक्रम. आजीला तिथे न्यायचं की नाही यावर आदल्या रात्री बरीच खलबतं झालेली, सून म्हणे आपण दोघी टेबलावरच बसू. कोणीही आजीला विचारलं नव्हतं! तिला विचारल्यावर ती म्हणाली, "मी काय खायला चाललेय का? बघू दे की." ती लांबून उभी राहिली, माती बाजूला केली, वाफ आली, तिने पदर नाकाला लावला पण हलली नाही. केळीचे खांब असे वापरतात हे तिला भारी पटलं.

निवेदकाने नंतर जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी हवाईत बायकांनी पुरुषांच्या पंगतीला बसायचं नाही, आणि डुक्कर, नारळ, बहुतेक केळी बायकांना निषिद्ध, याला कापू म्हणायचे. १८१९ मध्ये राजा लिहोलिहो, म्हणजे दुसरा कामेहामेहा, बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला आणि ती सगळी व्यवस्थाच कोसळली. एकत्र बसून जेवायच्या या मेजवान्यांची सुरुवात तिथपासूनची मानतात. मुलाने हे आजीला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे यांच्यातही सोवळं होतं. बरं झालं मोडलं." स्वतः कांदा-लसूण सोडून बसलेली बाई हे म्हणतेय यात तिला काही विसंगत वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही, तिचा नियम तिने स्वतःवर घेतलेला आहे.

ताटं आतून आली, दोन्ही झाकलेली, चिठ्ठी लावलेली. आजीच्या ताटात भात, जांभळी रताळी, पोई, अननस. भातावर मेतकूट-तूप. पोई जांभळट करडी, चिकट, ताजी असेल तर बेचव आणि दोन दिवसांची असेल तर आंबूस. घट्टपणा बोटांवर मोजतात, एका बोटाने उचलता येते ती घट्ट, तीन बोटं लागतात ती पातळ. टुरिस्ट मंडळी तोंड वाकडं करून बाजूला सारतात. आजीने चाखली आणि म्हणाली अळकुड्या उकडून वाटल्यात, मीठ घालायला विसरलेत. तिने मेतकूट कालवलं आणि पूर्ण संपवली. वाढणाऱ्या मुलीने हे बघून सांगितलं की त्यांच्यात अळू म्हणजे माणसाचा थोरला भाऊ, हालोआची गोष्ट, आधी जन्मलेलं मूल पुरलं तिथून अळू उगवलं आणि त्याच्या पाठचं मूल म्हणजे पहिला माणूस, म्हणून पोईचं भांडं समोर असताना भांडायचं नसतं. आजीने तिला आमच्याकडे अळू खाजू नये म्हणून चिंच घालतात ते सांगितलं, नात मध्ये दुभाषी. त्यांच्याकडे तासनतास वाफवतात, तोच उपाय. जेवणातला हा भाग कोणी प्लॅन केलेला नव्हता.

गोड आलं तेव्हा छोटी चूक झाली. नातवाचा हौपिया बरोबर वेगळा, पण टेबलासाठी म्हणून जी कॉमन प्लेट आली त्यात केकवर मॅकाडेमिया, आणि वाढप्याने दोन्ही प्लेट एकाच हातात धरलेल्या. नवरा म्हणाला लागलं नाहीये, वरून दिसतंय. सुनेने परत पाठवली आणि नवीन आतून मागितली, नुसतं बाजूला सारलेलं नको म्हणून. आली, शो सुरू झाल्यावर.

शो मस्त. जुन्या पद्धतीचा हुला, मंत्रासारखं पठण आणि भोपळ्याच्या वाद्यावर, मग गिटार-उकुलेलेवाला, ताहितीचा कमरेचा वेगवान नाच, न्यूझीलंडच्या माओरींचा हाका नाच, शेवटी सामोआची पेटती सुरी. हे सगळं एका "हवाईयन" शोमध्ये येतं, प्रत्यक्षात बेटं एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब, ते निवेदकाने नीट सांगितलं हे आवडलं.

शेवटी काय झालं

कोणालाही काही झालं नाही. नातवाला इंजेक्शन लागलं नाही, आजीचा नियम मोडला नाही. पोटं मात्र सगळ्यांची सारखी भरली नाहीत, मुलाला टोफू आणि सॅलडवर भागवावं लागलं आणि तो रात्री भाड्याच्या घरी येऊन मुगाची खिचडी टाकून बसला, इतके पैसे देऊन. आजी जेवली ते निम्मं घरचंच होतं. पैशाच्या हिशोबाने बघाल तर हा सौदा तोट्याचा.

परत करायचं झालं तर

ड्रिंक, गोड आणि गेटवर हातात देतात ते सगळं, याची चौकशी जेवणाच्याच मेलमध्ये व्हायला हवी होती. मनगटी पट्टं गेटवरच मागायचं, नसेल तर मॅनेजर टेबलावर येईपर्यंत मुलाने काहीही हातात घ्यायचं नाही. त्या दिवशी सकाळी परत एक फोन हवा होता कारण मेल वाचणारा, फोनवर बोललेला आणि त्या संध्याकाळी प्रत्यक्ष वाढणारा ही तीन वेगळी माणसं असतात. नवऱ्याने "जाऊ दे" म्हणायचं नाही असं घरातच आधी ठरलं पाहिजे, ॲलर्जीच्या बाबतीत अंतिम शब्द एकाचाच, बाकीच्यांनी गप्प. आणि मोठ्यांनी निघताना चार वाजता पोटभर खाऊन निघायचं, श्रावण पाळणाऱ्यांनी तर नक्कीच.

तिकिटाच्या प्रकारावर त्यांचं अजून एकमत नाही. सून म्हणते पुढच्या वेळी फक्त शो, मागची जागा तर मागची, दुर्बीण घेऊन जाऊ. आजी म्हणते जेवण हवंच, पोई तिथेच मिळते. मी सुनेच्या बाजूने होते, पण आजीने ज्या पद्धतीने ती वाटी संपवली ते बघितल्यावर माझं मत थोडं हललंय, निदान ज्या महिन्यात चातुर्मास नाही त्या महिन्यात तरी. नातवाला विचाराल तर त्याला फक्त पेटती सुरी आठवते, आणि तो पेरूचा ज्यूस, जो मोठ्यांना नाही मिळाला.